हातांच्या सांधेझिजेचा स्वव्यवस्थापन कार्यक्रम: सहा महिन्यांनंतर, आणि त्या फाइलबद्दल

काल स्प्लिंटचा, म्हणजे अंगठ्याला आधार द्यायला हातावर बांधतात त्या पट्टीचा, वेल्क्रो पट्टा निकामी झाला, म्हणून लिहायला बसले. व्यायाम कोणते, सत्रं किती, ते माहितीपत्रकात असतंच.

आधी फाइल. पहिल्याच दिवशी सगळे कागद लोखंडी कड्यांच्या फाइलमध्ये घालून दिले. कड्या उघडायच्या तर दोन्ही अंगठ्यांनी खटका दाबायचा. आणि आम्ही कोण? तर अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेली माणसं! त्याच सत्रात थेरपिस्टबाई सांगत होत्या की चिमटीत 1 किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या बुडाशी साधारण 12 पट भार येतो. मी फाइलकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

पहिले दोन महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. व्यायामाने दुखणं किंचित कमी झालं, बस. बोटांच्या टोकांजवळच्या गाठी, ज्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात, त्या जशाच्या तशा. त्या जाणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं, मलाच ऐकायचं नव्हतं. रोज रात्री दुखण्याला 0 ते 10 पैकी आकडा द्यायची वही तर शिक्षाच. बारीक पेन चिमटीत धरून चिमटीचं दुखणं लिहायचं!

पेनावर रबरी नळी चढवून ते जाड केलं आणि वही नेमाने भरू लागले. तिसऱ्या महिन्यात मत फिरलं ते तिच्यामुळे. मी इतके दिवस दोष जड पिशव्यांना देत होते. वहीत निघालं भलतंच: सगळ्यात वाईट आकडे एका दमात कपाटं आवरल्याच्या दुसऱ्या दिवशीचे, नाहीतर मोबाइल एका हातात धरून त्याच अंगठ्याने तासभर टाइप केल्याचे. आता वीस मिनिटांनी काम बदलते, मोबाइल टेबलावर टेकवून तर्जनीने लिहिते. टॉवेल नळाला अडकवून पिळायची युक्तीही कार्यक्रमातलीच, ती मात्र झकास.

मध्ये तीन आठवडे व्यायामाला बुट्टी मारली, तर बोटं सकाळी पुन्हा आखडू लागली. संशोधनही हेच सांगतं की फायदा छोटा आहे आणि पुढे फारसा टिकत नाही. माहितीपत्रकात हे वाक्य शोधून सापडणार नाही.

आता पट्टा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 2018 च्या शिफारशींत अंगठ्याच्या बुडाच्या झिजेसाठी स्प्लिंट दीर्घकाळ वापरावी असं आहे. दीर्घकाळ! आणि पट्टा सहा महिन्यांत मान टाकतो. फोन केला तर म्हणे, पट्टा सुटा मिळत नाही, अख्खी नवी घ्या. मी घेणार नाही. जुन्या बॅगेचा वेल्क्रो उसवून ठेवलाय. तो कोणाकडून तरी शिवून घेईन, कारण सुई धरायची म्हणजे परत चिमटीच.

अभिप्रायाचा फॉर्म भरून पाठवा, असंही फोनवर सांगितलं. तो फाइलमध्ये आहे. शेवटच्या कडीत.