सुई न टोचता पिवळं कार्ड: माझे १,५५,००० रुपये असे गेले

चौतीस वर्षं सरकारी नोकरीत सुया टोचल्या. शेकड्यानं लेकरांची लसीकरणाची कार्डं याच हातानं भरली. आणि मलाच एका पोरानं लसीचं खोटं कार्ड देऊन गंडवलं. घरी अजून नीट सांगितलेलं नाही. ‘थोडे पैसे अडकलेत’ एवढंच लेकीला माहीत आहे. अडकले नाहीत, गेले.

हाव म्हणाल तर पैशाची नव्हती. २०१९ च्या महापुरात शिरोळकडच्या गावांत फिरत्या पथकाबरोबर होते. बोटीतून उतरायचं, शाळेच्या ओट्यावर पेटी उघडायची, चिघळलेले पाय धुऊन ड्रेसिंग करायचं. निवृत्तीनंतर असंच काहीतरी करायचं मनात होतं. त्यात शाहूपुरीतल्या एका ऑफिसची जाहिरात दिसली. केनियाच्या उत्तरेला तुर्काना भाग, गुरं-उंट घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वस्त्या, गाडीतून दवाखाना. सहा आठवडे, पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं. मला ते खरं वाटलं, कारण असं काम तिथं खरोखर चालतं.

नोंदणी ११,५००. ‘व्हिसा आणि विमा’ ३८,०००. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाच काढून टाकलाय, ऑनलाइन परवानगी आपली आपल्याला काढता येते, हे नंतर भाच्यानं दोन मिनिटांत दाखवलं. त्या सरकारी साइटवर आधी जा, मग कुणाला पैसे द्या.

आता खरी लाज. केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची (यलो फीवरची) लस लागते. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, हे मला पाठ. मी विचारलं, पुण्याला कधी जाऊ? तर ऑफिसातला तो पोरगा म्हणतो, ‘सिस्टर, हेलपाटा कशाला? कार्ड आम्ही आणून देतो, साडेतीन हजार.’ म्हटलं, आणि सुई? ‘तुमची साठी आली. या वयात रिअ‍ॅक्शनचा धोका असतो, तुम्हाला मी काय सांगायचं?’

तिथंच मी फसले. साठीनंतर ही लस जपून देतात, हे खरंच आहे. पण मग डॉक्टर तसं लेखी देतात. न टोचलेली लस टोचली असं कुणी लिहीत नाही! आठवड्यानं कार्ड आलं. पिवळं, बॅच नंबर, शिक्का, सही. तारीख रविवारची, सुट्टीच्या दिवसाची. रविवार आहे हे मी बघितलं, हो, बघितलं, आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतर ‘तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी’ ४२,०००. अशी परवानगी लागते, पण माझा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर यांनी एकदाही मागितला नाही. टी-शर्टचं माप मात्र दोनदा विचारलं. शेवटी ‘परत मिळणारी अनामत’ ६०,०००. पैसे संस्थेच्या नावावर कधीच नाही, दोन वेगळ्या माणसांच्या खात्यांवर. पावत्यांवर शिक्का होता म्हणून मी गप्प बसले. रबरी शिक्का कुठंही करून मिळतो.

पुढं फोन बंद. ऑफिसला कुलूप, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, ‘त्यांनी माझेपण चारशे बुडवले.’

पोलीस ठाण्यात अडीच तास बाकड्यावर. ‘बाई, पैसे तुम्ही स्वतः दिले ना? पावती आहे ना? मग हा व्यवहार झाला.’ सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ऑफिसात जाऊन बोलणी केलीत, यात सायबर कुठं आलं, ठाण्यात जा. परदेशी नोकरीच्या फसवणुकीची तक्रार घेतात तिथं विचारलं, पगार होता का? नव्हता. मग ती नोकरी नाही, आमच्यात बसत नाही. बँकेत एकच रेकॉर्ड, ‘ओटीपी कुणाला दिला होता का?’ अहो, नव्हता दिला, पैसे दिले! अर्ज चार ठिकाणी, पोच एका ठिकाणी. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि एक कोवळा शिपाई हसत म्हणाला, ‘आफ्रिकेला कशाला, आपल्याकडं पेशंट कमी आहेत व्हय?’ बाकी सगळं सोसलं, हे लागलं. उत्तर नव्हतं माझ्याकडं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर समोरचं खातं गोठवायची आशा असते. मी अकराव्या दिवशी केला. दहा दिवस ‘गावाला गेला असेल’ म्हणत बसले होते.

त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढून टाकलंय. त्यात गडहिंग्लजच्या एक सिस्टर होत्या, त्यांची अनामत भरायची राहिली होती. नंबर माझ्याकडं नाही. सिस्टर, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर ते साठ हजार भरू नका, आणि तुमच्या कार्डावरची तारीख कॅलेंडरात बघा.