क्रिकेट तज्ज्ञांच्या भाकितांची नोंद: आयपीएल ते महिला वर्ल्डकप, वापरानंतरचा अनुभव

मार्चमध्ये आयपीएल सुरू व्हायच्या आधी बाबांनी आणि मी मिळून एक शीट तयार केली. टीव्हीवर, पेपरात, यूट्यूबवर माजी खेळाडू आणि क्रीडा पत्रकार पुढचं जे काही सांगतात ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि निकाल लागला की गुण द्यायचे. २०२५ची आयपीएल, इंग्लंड दौरा, आशिया चषक आणि नोव्हेंबरात संपलेला महिला वर्ल्डकप, एवढं सगळं या शीटमधून गेलं. ओळखीतले बरेच जण ‘चालवून पाहू का’ असं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मत सांगून टाकते. पद्धत चांगली आहे, आम्ही ती सोडणार नाही. पण सगळ्यात अचूक तज्ज्ञ कोण, हे एवढ्या महिन्यांत कळेल अशी अपेक्षा ठेवू नका, तेवढ्या नोंदी जमत नाहीत. खरा उपयोग वेगळाच निघाला. समोरच्याने नक्की काय सांगितलं आणि ते खोटं कधी ठरेल, हे विचारायची सवय लागते. तो प्रश्न विचारल्यावर बहुतेक वाक्यांमध्ये सांगितलेलं काहीच उरत नाही.

आमची सोय अशी. आम्ही नाशिकरोडला राहतो. बाबा नोटप्रेसमधून निवृत्त झालेत. सकाळी चहाबरोबर पेपरांची क्रीडा पानं ते पेन्सिल घेऊन वाचतात आणि भाकीत दिसलं की वहीत जसंच्या तसं उतरवतात. मी सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे टीव्ही आणि यूट्यूबचं काम माझ्याकडे रात्री. झोपण्याआधी वहीतल्या ओळी शीटमध्ये चढतात. सुरुवातीला कॉलम भरमसाट होते, खेळपट्टी, हवामान, टॉस, सगळं. त्यातले टिकले ते असे: तारीख आणि वेळ, बोलणारा, माध्यम, नेमकं वाक्य, चूक ठरण्याचा निकष, टक्के, निकाल, गुण. बाकीचे काढून टाकले.

यातला निकषाचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो सामन्याआधीच भरावा लागतो. २३ मार्चला हैदराबादने राजस्थानविरुद्ध २८६ धावा केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जिकडेतिकडे ‘यंदा ३०० होणार’ सुरू झालं. हे वाक्य नोंदवायला सोपं वाटतं. पण ३०० कुणाच्या? हैदराबादच्या की कुठल्याही संघाच्या? याच हंगामात की कधीतरी? आम्ही दोन ओळी केल्या, एक फक्त हैदराबादची, एक कुठल्याही संघाची, आणि दोन्हींची मुदत अंतिम सामन्यापर्यंत. ३ जूनला बंगळुरूने पंजाबला ६ धावांनी हरवून पहिलं विजेतेपद घेतलं तेव्हा हंगामातली सर्वोच्च धावसंख्या २८६च होती. दोन्ही ओळी चूक म्हणून बंद झाल्या. हैदराबाद सहावं आलं.

‘टॉस महत्त्वाचा ठरेल’, ‘पॉवरप्ले जिंकणारा संघ सामना जिंकेल’, ‘या खेळाडूकडे सामना फिरवण्याची क्षमता आहे’, ‘त्यांना कमी लेखून चालणार नाही’. अशा वाक्यांचा निकष लिहायला बसलं की हात थांबतो. ती कुठल्याही निकालाला चालतात. बाबांच्या वहीत अशा ओळींपुढे फुली असते, आणि मोजता आलेल्या ओळींपेक्षा फुल्या जास्त आहेत. एखाद्या तज्ज्ञाची दहा मिनिटांची चर्चा ऐकून हाती एकही मोजण्याजोगी ओळ लागली नाही, असं वारंवार झालं. खेळ समजावून सांगणं हे वेगळं आणि चांगलं काम आहे, ते जरूर ऐकावं. पण कार्यक्रमाच्या नावात ‘कोण जिंकणार’ असेल तर उत्तर मिळायला हवं.

आता गुणांबद्दल. आम्ही ब्रायर स्कोअर वापरतो. ग्लेन ब्रायर हे अमेरिकन हवामानतज्ज्ञ. १९५० साली त्यांनी हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी ही पद्धत मांडली. घटना घडली तर १, नाही तर ०. त्यातून सांगितलेली शक्यता वजा करायची आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा. कुणी ८० टक्के म्हणालं आणि तसं झालं तर ०.०४, झालं नाही तर ०.६४. जितका कमी आकडा तितकं चांगलं. प्रत्येक वेळी ‘पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याला काहीही न करता ०.२५ मिळतात, म्हणजे ज्याची सरासरी त्याहून जास्त, त्याचं ऐकण्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं. छातीठोकपणे शंभर टक्के सांगून चुकणाऱ्याला पूर्ण १. शीटमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे, कुणालाही जमेल.

अडचण एवढीच की आपल्याकडे टक्के कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही कोष्टक ठरवलं: ‘नक्की’, ‘शंभर टक्के’, ‘लिहून घ्या’ यांना ९०, ‘मला वाटतं’ला ७०, ‘थोडं पारडं जड’ला ६०. यावरून घरात वाद होतातच. बाबा म्हणतात, “अगं, तो सवयीनंच शंभर टक्के म्हणतो, त्याला कशाला ९० लावतेस?” माझं म्हणणं असं की ऐकणारा ते शंभरच समजून घेतो, मग हिशेब निदान ९०ने तरी व्हावा. कोष्टक एकदा ठरलं की मध्येच बदलायचं नाही, हा नियम मात्र दोघांनी पाळला.

टक्क्यांचा अर्थ मला नीट समजला तो आतेभावाकडून. त्याची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनीची (द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाची) फवारणी कधी घ्यायची हे पावसाच्या अंदाजावर ठरतं आणि चुकलं तर वर्ष जातं. मी त्याला विचारलं, “अंदाज चुकला की चिडचिड होत नाही का रे?” तो म्हणाला, “ताई, ३० टक्के सांगितलं आणि पाऊस पडला म्हणजे अंदाज चुकला असं नाही ना. असे दहा दिवस घे, त्यातल्या तीन दिवशी पडायलाच पाहिजे. दहाही दिवस कोरडे गेले तर मला शंका येते.” तज्ज्ञांना हेच माप लावायचं. ‘९० टक्के’वाल्या सगळ्या ओळी एकत्र काढायच्या आणि त्यातल्या दहात नऊ खऱ्या झाल्या का ते पाहायचं. आमच्या शीटमध्ये सगळ्यात मोठी घसरण इथेच आहे. ‘मला वाटतं’च्या ओळी आणि ‘लिहून घ्या’च्या ओळी जवळपास सारख्याच खऱ्या ठरतात. आवाज चढवल्याने अचूकता वाढलेली दिसत नाही.

हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज या बाबतीत बघण्यासारखा आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दीर्घकालीन सरासरीच्या १०५ टक्के पाऊस सांगितला, ५ टक्के इकडेतिकडे धरून. हंगाम संपला तेव्हा आकडा १०८ होता. आकडा, मुदत आणि चुकीला ठेवलेली जागा, तिन्ही आधीच जाहीर. असं बोलणारा क्रिकेट तज्ज्ञ आम्हाला क्वचितच भेटला.

दुसरा न सोडण्यासारखा कॉलम बाबांनी सुचवला. त्याला ते ‘मुका तज्ज्ञ’ म्हणतात. हा काही बघत नाही, विचार करत नाही, गुणतक्त्यात जो वर तो जिंकेल एवढंच म्हणतो. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय कुणाच्याही ‘दहापैकी सहा बरोबर’ला अर्थ नाही, कारण सगळे बहुतेक वेळा वरचाच संघ निवडतात. प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतर पुढे जाणाऱ्या चार संघांच्या, यादीचंही तसंच. दहा संघांतून चार निवडायचे तर डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी सरासरी १.६ संघ बरोबर येतात. म्हणजे चारपैकी दोन बरोबर आणून व्हिडिओत स्वतःची पाठ थोपटणाऱ्याने फार काही केलेलं नसतं. उलट, नुसतं ‘मागच्या वर्षीचेच चार’ लिहिलं असतं तर २०२५ला फक्त बंगळुरू बरोबर आलं असतं: हैदराबाद सहावं, कोलकाता आठवं, राजस्थान नववं गेलं.

इंग्लंड दौऱ्यात शीटची मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण कसोटीवरची चर्चा लांब चालते आणि वाक्यं ठोस असतात. ‘बुमरा नसेल तर भारत कसोटी जिंकत नाही’ हे कितीतरी तोंडी होतं. भारताने जिंकलेल्या दोन्ही कसोट्या, एजबॅस्टनची ३३६ धावांनी आणि ओव्हलची ६ धावांनी, तो खेळला नव्हता त्याच निघाल्या. ओव्हलला शेवटच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि हातात चार विकेट होत्या. आदल्या संध्याकाळी ‘सामना इंग्लंडचा’ म्हणणाऱ्यांची ओळ आम्ही चूक धरून गुण दिलेच. तरीही मला ते भाकीत वाईट वाटत नाही. त्या क्षणी ते रास्त होतं. ७० म्हणून चुकलेल्याला ०.४९ लागतात, ९० म्हणून चुकलेल्याला ०.८१, आणि हा फरक मला न्याय्य वाटतो.

याच कारणाने मी जुन्या फजित्या उगाळायच्या विरोधात आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला भारत ३६ धावांत आटोपल्यावर इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉनने मालिका ४-०ने जाईल असं सांगितलं होतं आणि १९ जानेवारी २०२१ला ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावरची कसोटी जिंकून भारताने मालिका २-१ घेतली. आजही कट्ट्यावर पहिलं उदाहरण तेच निघतं. पण शीटमध्ये ती एकच ओळ झाली असती. माणूस जोखायचा तर त्याच्या सगळ्या ओळी हव्यात, आणि त्या कुणी ठेवलेल्या नाहीत. दुसऱ्या टोकाला पॉल ऑक्टोपस, मत्स्यालयातला, सामन्यांचे निकाल ‘सांगणारा’. २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये त्याने आठपैकी आठ निकाल बरोबर दिले. नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता २५६मध्ये १ आहे, आणि जगभर अंदाज करणारे शेकड्यांनी असतील तर कुणीतरी आठही बरोबर आणणारच.

महिला वर्ल्डकपने एक नवा नियम करायला लावला. स्पर्धेआधी भारताला दावेदार म्हणणाऱ्यांपैकी काहींनी दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून लागोपाठ हार झाल्यावर ‘सेमीफायनलही अवघड’ म्हटलं, आणि २ नोव्हेंबरला ट्रॉफी उचलल्यावर पहिलं वाक्य पुन्हा पुढे केलं. आता नियम असा: मत बदलायला पूर्ण मुभा, पण प्रत्येक वाक्याची ओळ वेगळी आणि दोन्हींना गुण. जेमिमा रॉड्रिग्ज इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर होती, सेमीफायनलला तिने नाबाद १२७ करून ३३९चा पाठलाग पार नेला. शफाली वर्मा मूळ संघातच नव्हती, फायनलला ८७ धावा आणि दोन विकेट. या दोघींबद्दलची एकही आगाऊ ओळ आमच्याकडे नाही. मला यात कुणाचा दोष दिसत नाही. भाकिताची पोच तेवढीच आहे आणि तज्ज्ञांनी ती मोकळेपणाने सांगावी.

त्रासही सांगायला हवा. वेळ जातो, विशेषतः रोज सामना असतो तेव्हा. व्हिडिओ ऐकून वाक्य जसंच्या तसं उतरवणं कंटाळवाणं आहे. काही चॅनल सामन्यानंतर शीर्षक बदलतात, म्हणून स्क्रीनशॉट ठेवावा लागतो. स्थानिक क्रिकेटला तर ही पद्धत लागूच पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवलं. अशा रणजी सामन्याआधी दोन ओळी तरी छापून याव्यात असं बाबांना फार वाटतं. नाशिकच्या सत्यजित बच्छावच्या गोलंदाजीबद्दल त्यांची वही भरलेली आहे, पण ती सगळी त्यांचीच मतं.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. शीटबद्दल कळल्यावर काही मुलांनी विचारलं, यातून पैसे लावायला टिप मिळेल का? नाही, आणि कृपा करून त्यासाठी वापरू नका. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तरी फोनवर टिप विकणारे आहेतच. त्यांची युक्ती समजून घ्या. १,०२४ जणांना मेसेज जातो, अर्ध्यांना एक संघ, अर्ध्यांना दुसरा. चुकीचा मेसेज गेलेल्यांना सोडून उरलेल्यांना पुढच्या सामन्याला पुन्हा तसंच. पाच सामन्यांनंतर ३२ जणांसमोर पाचही बरोबर सांगणारा माणूस उभा असतो, आणि मग तो सहाव्याचे पैसे मागतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने असे पैसे दिले. त्याच्याकडे फक्त त्याला आलेले मेसेज होते, बाकीच्यांना काय गेलं हे त्याला दिसणारच नव्हतं.

सुरुवात करायची असेल तर एक स्पर्धा आणि चार-पाच बोलणारे एवढंच घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या, निकषावर भांडायला दुसरा माणूस लागतोच. आमची टी-ट्वेंटी वर्ल्डकपची पानं तयार आहेत. २० संघांतून उपांत्य फेरीचे चार निवडायचे, म्हणजे चिठ्ठ्या काढणाऱ्याचे सरासरी ०.८ बरोबर. त्याखाली बाबांनी मुक्या तज्ज्ञाचे चार संघ आयसीसी क्रमवारीवरून लिहून ठेवलेत आणि त्यावर तारीख घातली आहे.