काठी की वॉकर?

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, की पहिले काही आठवडे हा प्रश्न सहसा पडतच नाही, वॉकरच. दोन्ही हातांवर भार येतो, त्यामुळे दुखऱ्या पायावर किती वजन टाकायचं ते आवरता येतं. खरा घोळ पुढे होतो.

काठी एका हातात मावते, दुसरा कठड्याला मोकळा. आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, संडासाचं दार अरुंद. वॉकर तिथे अडतोच, जिन्यावर तर निरुपयोगी. पण तोल जात असेल तर काठी पुरत नाही. शिवाय बरेच जण ती चुकीच्या हातात धरतात. उजवा पाय दुखतो तर काठी डाव्या हातात हवी, आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडायला हवी. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचं रबरी बूच झिजलं की ओल्या फरशीवर ती घसरलीच म्हणून समजा.

मनाचा हिशेब वेगळा. काठीला आजोबांचा रुबाब आहे. वॉकर दिसला की शेजारीपाजारी आवाज उतरवून विचारपूस करतात. त्यापायी आई महिनाभर गॅलरीतसुद्धा आली नाही. मग वॉकरला छोटी पिशवी अडकवून त्यात चष्मा, मोबाइल ठेवायची युक्ती तिलाच सुचली (जड काही नको, कलंडतो).

तोल डळमळीत असेल तर मी वॉकरच घेईन, लाज वाटली तरी. काठीवर कधी यायचं ते फिजिओथेरपिस्टनं चाल बघून सांगावं, शेजारच्या काकूंनी नव्हे.