जुना छोटा हत्ती की जुनी सीएनजी सुपर कॅरी?

साधारण तेवढ्याच पैशात बाजारात दोन गाड्या मिळतात. एक, बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या आधीचा ७०२ सीसी, दोन सिलिंडरचा डिझेल टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. दुसरी, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली मारुती सुपर कॅरी. चालवायला सुपर कॅरी सरस, यात वाद नाही. भरल्या गाडीने घाट चढताना १६ हॉर्सपॉवरचा हत्ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असतो, तेव्हा चार सिलिंडरची किंमत कळते. मात्र चालवायला चांगली ती घ्यायलाही चांगली, असं जुन्या गाडीत होतंच असं नाही.

कुठलीही बघा, सकाळी बघा. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गेल्यावर सीट उचलून इंजिनला हात लावायचा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत यायचं नाही, दुसऱ्या दिवशी यायचं. गरम केलेल्या डिझेल गाडीचा निम्मा आजार लपलेला असतो.

हत्तीचं बरं हे की त्याचा आजार दिसतो. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीचा पांढरट धूर मिनिटभरात गेला तर ठीक. निळा राहिला तर गाडी तेल खातेय. पांढरा राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी) गेलंय. रेस केल्यावर काळा येत असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल (डिझेल फवारणारी). नंतर इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं किंवा भोकातून धूर भकाभका आला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत, इंजिनकामाचे पैसे किमतीतून वळते करा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडून बघायचं. आत कूलंटऐवजी गंजाचं लाल पाणी असेल तर गाडी कधीतरी तापलीय असंच समजून चाला.

हत्तीला पुढे सरळ अॅक्सल आणि पाटे, त्यामुळे किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती, बघावीच लागते. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. खटखट थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन. सुपर कॅरीला पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र) आहेत. तिथे तेलाचा ओघळ आणि लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट बघायचा, टायर आतल्या कडेने खाल्लाय का तेही.

हौद्याखाली दोघींची तपासणी सारखीच. मागच्या पाट्यांचे हँगर, चासीच्या आडव्या पट्ट्या, नवीन वेल्डिंग, नवीन काळा रंग. एखादा पाटा जादा टाकलेला दिसला तर गाडीने काय ओझं ओढलंय ते विचारायची गरज नाही. कोकणातली गाडी असेल तर मासळीचं खारं पाणी कुठे झिरपलंय ते स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पत्रा आत गेला की हौदा गेला.

आता सुपर कॅरी. हिच्या बाबतीत एकच गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे माझं मन हत्तीकडे झुकतं. हिला पेट्रोलची टाकी जेमतेम ५ लिटरची, अडीअडचणीपुरती. बहुतेक मालक तीही भरत नाहीत. बघायला जाल तेव्हा काटा तळाला आणि उत्तर ठरलेलं: "पेट्रोल नाहीये आत्ता, गॅसवर बघा ना." कोरड्या टाकीत पेट्रोलचा पंप जळतो, पडून राहून इंजेक्टर चिकटतात, आणि हे गॅसवरच्या ट्रायलमध्ये कळतच नाही. शिवाय कोरड्या, जास्त तापणाऱ्या गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. आयडलवर किंचित मिस एवढंच लक्षण, तेही प्लग बदलून काही दिवस झाकता येतं. खात्री करायची तर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावायचा. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्तीला इंजिनचं हेड उतरणार. किती विकणारे हे दारात करू देतील? त्यात गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर ३ वर्षांनी लागते. टाकीवरची प्लेट आणि सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवा, आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असंच लिहिलंय ना तेही बघा.

कागद दोन्हीकडे तेच: फिटनेस (गाडी ८ वर्षांची झाली की दरवर्षी), थकलेली ई-चलानं, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.

दिवसभर शहरातच पार्सलच्या फेऱ्या असतील, सीएनजी पंप वाटेवर असेल आणि तिथली रांग परवडत असेल, तर सुपर कॅरीला नाही म्हणवत नाही. भाजी, सिमेंट, पाण्याचे जार असा माल आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्री असेल, तर धूर आणि झाकणाच्या परीक्षेत पास झालेला हत्ती मला बरा वाटतो. तरी सुपर कॅरीच बघायला निघालात तर ट्रायलला थेट पेट्रोल पंपावर न्या, पदरचं दोन लिटर टाका आणि किमान पाच किलोमीटर नुसत्या पेट्रोलवर चालवा. विकणारा तिथेच कुरकुर करायला लागला तर गाडी फिरवून परत आणा.