जुन्या फियाटचं सस्पेन्शन: वागळे इस्टेटमधलं गॅरेज कसं आहे आणि पार्ट कुठून मिळतात

ज्यांच्याकडे अजून फियाट आहे त्यांच्यासाठी लिहितोय, मग ती डिलाईट असो, प्रेसिडेंट असो, पद्मिनी असो, काही नशीबवान लोकांकडे तर अजून डुक्कर फियाट (पन्नासच्या दशकातलं मॉडेल) पण आहे. ठाण्यात वागळे इस्टेटला 22 नंबर सर्कलपासून आत गेलं की एका गल्लीत छोटं गॅरेज आहे, तिथे मी आमच्या 1970 च्या डिलाईटचं पुढचं मागचं सगळं सस्पेन्शन करून घेतलं आणि काम एक नंबर झालंय. गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच सांगितलं की एका वेळी दोनच जुन्या गाड्या घेतो, फोन वाढले की हातातलं काम राहतं. त्यांना सगळे मामा म्हणतात. खरंच गरज असेल तर त्या भागात कुठल्याही लेथवाल्याला 'फियाटवाले मामा' विचारा, दुकानापर्यंत आणून सोडतील.

गाडी बाबांची आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. त्या काळात फियाट म्हणजे बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची गाडी, त्यामुळे घरात तिला मान आहे आणि कोणाच्याही हातात द्यायची नाही हा बाबांचा नियम. गेल्या वर्षभरात त्रास असा सुरू झाला की पन्नासच्या आसपास स्पीड गेला की स्टेअरिंग थरथरायचं, साठच्या पुढे परत थांबायचं, घोडबंदर रोडला गायमुखच्या बाजूला खड्ड्यात चाक गेलं की डाव्या बाजूने खाडकन आवाज, आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेले. ऐरोलीतच एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी बॅलन्सिंग करून दिलं, अलाइनमेंटच्या मशीनमध्ये गाडीचं नावच नव्हतं म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी छोट्या गाडीचं माप लावलं, आणि एक किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) बदलली म्हणून पैसे घेतले. त्यानंतर स्टेअरिंग इतकं जड झालं की वळण झाल्यावर ते स्वतःहून सरळ येईना, हाताने ओढून आणायचं.

मामांनी गाडी बघितली तेव्हा आधी कुठलाही पाना हातात घेतला नाही. जॅकवर चढवली, चाक वर आणि खाली असं दोन्ही हातांनी धरलं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, आणि हलवलं. टक टक लागत होतं. मग मला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि परत हलवलं. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्याच्या मागची ब्रेकची प्लेट एक होतात, म्हणजे व्हील बेअरिंगचा प्ले (ढिलाई) असेल तर तो गायब होतो, आणि तरी हलत असेल तर प्ले त्याच्या मागे आहे, किंगपिनमध्ये नाहीतर आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये (पिन किंवा बोल्टभोवतीच्या नळीत). आमच्या गाडीत उजवीकडचा अर्धा गायब झाला, डावीकडचा तसाच राहिला. एवढ्यात त्यांनी सांगितलं की उजवीकडे बेअरिंग टाईट करायचंय, डावीकडे किंगपिन गेलीय आणि तीच नवीन टाकलेली आहे. हे पाच मिनिटांचं काम आधीच्या ठिकाणी कोणी केलंच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फियाटला पुढे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग आहे, मागे साधा अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). आताच्या गाड्यांसारखे बॉल जॉईंट पुढच्या चाकाला नाहीत, चाक एका उभ्या पिनवर वळतं ती किंगपिन. पिनच्या वर आणि खाली एकेक बुश असतो आणि गाडीचं वजन थ्रस्ट बेअरिंगवर येतं. बुश झिजला की चाक पिनवर डुलायला लागतं आणि एका ठराविक स्पीडला ते डुलणं वाढत जातं, तीच ती थरथर. टायर बॅलन्स करून ती जात नाही, थोडे दिवस दबते फक्त.

आता पार्ट. हा खरा डोकेदुखीचा भाग आहे म्हणून सविस्तर लिहितो.

इटलीत 1100 ही गाडी 1953 ला आली, आपलं डिलाईट म्हणजे तिथलं 1962 चं 1100 डी मॉडेल. तिकडे 1960 चं दशक संपता संपता ती बंद झाली पण आपल्याकडे प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी पुढे जवळपास तीस वर्षं बनत राहिली, 1974 पासून पद्मिनी नावाने. मुंबईची सगळी काळी पिवळी याच गाडीवर चालायची म्हणून पार्ट कुठल्याही कोपऱ्यावर मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला 29 ऑक्टोबर 2003 ला रजिस्टर झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे ऑक्टोबर 2023 ला तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेली तसं दुकानदारांना माल ठेवायचं कारणच राहिलं नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर अजून मिळतं, ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या जुन्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळतं, पण आता शोधावं लागतं आणि ओळखता यावं लागतं.

ओळखायचं कसं ते मामांनी दाखवलं. आधीच्या ठिकाणी टाकलेली पिन काढली, व्हाइसमध्ये धरली आणि तिच्यावर साधी कानस मारली. कानस लगेच चावली, चमकदार भुसा पडला. मग त्यांच्याकडची जुनी, वापरलेली, कंपनीची पिन धरली आणि तीच कानस मारली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली, ओरखडा पण नाही. चांगली पिन वरून कडक केलेली असते, आत नरम. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये पिन नुसती टर्न करून पॉलिश केलेली असते, बघायला जास्त चकचकीत, आणि खड्ड्याच्या रस्त्यावर एक पावसाळा काढत नाही. बुशचं पण तसंच, गनमेटलचा पाहिजे, पितळेचा नको. दुकानात कानस घेऊन जा असं मी म्हणणार नाही, दुकानदार भडकेल, पण पिनच्या टोकाला हळूच करवतीचं पातं लावून बघायला परवानगी मागा, खरा माल असेल तर तो स्वतः लावून दाखवतो.

दुसरं म्हणजे '118 एनईचा पार्ट आहे, फियाटला बसतो' असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. 118 एनई ही प्रीमियरचीच 1985 ची गाडी, तिची बॉडी फियाट 124 ची, पुढे बॉल जॉईंट आणि मागे पाट्यांच्या जागी कॉइल. सस्पेन्शनच वेगळं. दोन्हीवर प्रीमियरचं नाव आहे एवढ्यावर विकतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नवीन होती. जुन्या पॅकिंगचा माल मिळाला की आपल्याला वाटतं सोनं सापडलं. लोखंडी पार्टला ते खरं आहे, पिन, थ्रस्ट बेअरिंग, शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) हे जुन्या स्टॉकमधलं मिळालं तर डोळे झाकून घ्या. रबराचं उलट. आर्मचे बुश तीस वर्षं पाकिटात पडून असले तरी रबर कडक होतं, नखाने दाबलं तर बारीक भेगा दिसतात. मामांनी असे दोन मी अभिमानाने आणलेले बुश बाजूला ठेवले आणि नवीन बनवून आणायला लावले, तुर्भ्याला एमआयडीसीत रबर मोल्डिंगवाले आहेत, सॅम्पल दिलं की करून देतात. पीयूचे (पॉलियुरेथेनचे, रबरापेक्षा कडक) बुश पण मिळतात, मामा म्हणाले टाकू नका, या गाडीचा आरामच रबरामुळे आहे, पीयूने प्रत्येक दगड स्टेअरिंगवर कळेल. इटलीत 1100 डी चे पार्ट विकणारे आहेत, त्यांचं रबर चांगलं असतं असं ऐकून मी चौकशी केली होती, पण पार्सल आणि कस्टम धरून इतकं महाग पडत होतं की लोकल मोल्डिंगच परवडलं.

कामाबद्दल. किंगपिनचं सगळं यश रीमिंगमध्ये आहे हे इथे कळलं. नवीन बुश प्रेस करून बसवला की आतलं भोक थोडं आवळतं, ते रीमरने पिनच्या मापाला आणायचं असतं. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने एका रेषेत करायचा, वेगवेगळे केले तर दोन्ही भोकं केसाएवढी वाकडी होतात आणि पिन आत घुसते खरी पण फिरताना अडते. आमचं जड स्टेअरिंग त्यातलंच होतं, बुश हातोडीने ठोकून वर पॉलिश पेपर मारला होता, आणि एका बुशचं ग्रीसचं भोक निप्पलसमोर (ग्रीस भरायच्या तोंडासमोर) आलंच नव्हतं म्हणजे ग्रीस गन मारली तरी आत थेंब जात नव्हता. मामा रीमर हाताने फिरवतात, थोडं फिरवलं की पिन घालून बघतात, परत थोडं. शेवटी कोरडी पिन अंगठ्याच्या दाबाने हळूहळू आत गेली आणि कुठेही लटपटली नाही. मी तिथे स्टूलवर बसून बघत होतो, चहा गार झाला तरी लक्ष नव्हतं. असं हाताचं काम आता फार कमी बघायला मिळतं आणि त्याचे पैसे द्यायला मला आनंदच वाटला.

आर्म उतरवताना बोल्टाखालच्या शिम (माप जुळवायच्या पातळ पट्ट्या) त्यांनी जिथल्या तिथे तारेत ओवून प्रत्येक तारेला डावा पुढे, डावा मागे अशी चिठ्ठी बांधून भिंतीवर टांगल्या. या शिम इकडच्या तिकडे झाल्या तर चाकाचा कल बदलतो आणि मग टायर खात राहतात. रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावले, पक्के केले नाहीत. गाडी चाकांवर खाली उतरवली, पुढच्या सीटवर दोन पोरं बसवली आणि मग खाली पिटमध्ये जाऊन आवळले. कारण हवेत आवळलं तर आर्म खाली लटकलेल्या स्थितीत रबर धरलं जातं, गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कुठल्याही गाडीला हे लागू आहे, आपापल्या गॅरेजवाल्याला विचारून बघा तो कधी आवळतो.

मागच्या पाट्यांचं काम मामा स्वतः करत नाहीत, ते तुर्भ्याला ट्रकच्या पाट्यांचं काम करणाऱ्याकडे पाठवतात. डावी बाजू बसली होती. पाटे खोलून थंड असतानाच ठोकून कमान परत आणली, गॅसने लाल करून वाकवलं तर परत पाणी द्यावं लागतं नाहीतर पाटा नरम पडून काही महिन्यात बसतो. शॅकलचे बुश नवीन, यू बोल्ट नवीन, सेंटर बोल्ट नवीन. थोडी गाडी चालवल्यावर यू बोल्ट परत आवळून घ्यायला बोलावलं होतं, तो फुकट आवळून दिला.

गाडी आता कशी आहे तर ठाणे बेलापूर रोडला सत्तरला स्टेअरिंगवर एक बोट ठेवून चालते, वळण झालं की चाकं आपोआप सरळ, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या त्या भयंकर पॅचवर फक्त धप असा एक दबका आवाज येतो, खाडकन गेलं. बाबांनी स्वतः चालवून बघितली, कळव्यापर्यंत जाऊन आले आणि उतरल्यावर मामांना फोन लावून बराच वेळ बोलत होते.

खर्च पार्ट धरून 40 हजाराच्या थोडा आत आला, त्यात सगळ्यात मोठा आकडा मजुरी आणि लेथचा, पार्टचा नाही. स्वस्त नाहीये पण एकेक पार्ट कुठे गेला ते दिसतं.

आता जे आवडलं नाही. वेळ खूप लागतो, गाडी उन्हाळ्यात दिली ती पावसाळा अर्धा संपल्यावर मिळाली, तारीख विचारली की पुढच्या आठवड्यात हेच उत्तर. छपराखाली जागा एकाच गाडीला आहे, दुसरी ताडपत्रीखाली बाहेर उभी असते, पावसात मला त्याची काळजी लागून राहिली होती आणि पत्र्याचं काम नुकतंच केलेलं असेल तर मी तरी पावसाळ्यात देणार नाही. बिल मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून देतात, जीएसटी बिल पाहिजे असेल तर आधीच बोलून घ्या. गाडी न्यायला माणूस येत नाही, आपणच पोचवायची, किंगपिन गेलेली गाडी घेऊन ऐरोलीहून वागळेला जाणं सुखाचं नाही, टो करून न्या. आणि मामा स्पष्ट बोलतात, मी आणलेले पार्ट त्यांनी सरळ नको म्हणून सांगितले, तेव्हा वाईट वाटलं होतं, पण प्रत्येक वेळी कारण दाखवून सांगितलं.

काम झाल्यावर त्यांनी बजावलंय की दर हजार किलोमीटरला सगळ्या निप्पलना ग्रीस, आणि पाण्यातून गाडी गेली तर त्याच आठवड्यात, किलोमीटर न बघता. ग्रीस मारताना चाक जॅकवर उचलून मारायचं, वजन खाली असताना ग्रीस थ्रस्टच्या बाजूला पोचत नाही. नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायची, आधी काळं येतं मग स्वच्छ.

जाणार असाल तर आधी काढून ठेवलेले जुने पार्ट, कितीही झिजलेले असोत, फेकू नका, सोबत घेऊन जा. पिनचा जो भाग बुशच्या बाहेर राहतो तो झिजत नाही, मूळ माप त्यावरूनच मिळतं. डुक्कर फियाट आणि सिलेक्टवाल्यांनी (डिलाईटच्या आधीचं मॉडेल) तर नक्कीच न्या, त्यांच्या मापांची पानं मामांच्या वहीत अजून अर्धी रिकामी आहेत.