महिलांसाठीचे धावण्याचे बूट : मापाचे की नावापुरते?

खोक्यावर ‘महिलांसाठी’ असे छापलेले असले, तरी आतला बूट पुष्कळदा पुरुषांचाच, लहान मापात काढलेला आणि रंग तेवढा बदललेला असतो. लांब पल्ल्याच्या सरावासाठी मी सध्या वापरत असलेली जोडी याला बऱ्याच अंशी अपवाद आहे, आणि तिची पारख करताना बोस्टन मॅरेथॉन धावणाऱ्या पहिल्या महिला बॉबी गिब यांच्या बुटांची आठवण येणे अपरिहार्य होते.

गिब यांनी १९६६च्या बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला, तेव्हा स्त्रियांच्या शरीराला हे अंतर झेपत नाही आणि अमेरिकेतील हौशी खेळाडूंच्या संघटनेच्या नियमांनुसार त्यांना दीड मैलापलीकडे धावण्याची मुभाच नाही, असे उत्तर संयोजकांकडून आले. ऑलिंपिकमध्येही त्या वेळी स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची होती, आणि तीसुद्धा १९२८नंतर बंद पडून १९६०मध्ये पुन्हा सुरू झालेली. मग स्त्रियांसाठी मॅरेथॉनचे बूट बनवणार तरी कोण? गिब यांनी सराव केला तो परिचारिकांच्या चामडी बुटांत. शर्यतीसाठी घेतले ते मुलग्यांचे सहा नंबरचे बूट. पोहण्याच्या पोशाखावर भावाची बर्म्युडा आणि टोपीचा स्वेटशर्ट चढवून त्या झुडपात लपून बसल्या आणि निम्मे धावपटू पुढे गेल्यावर घोळक्यात शिरल्या. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांना मागे टाकून त्यांनी ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत शर्यत पूर्ण केली खरी, पण अंगवळणी न पडलेल्या त्या बुटांनी तळव्यांना फोड आणले आणि शेवटच्या काही मैलांत त्यांचा वेग पार उतरला.

स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने सहसा अरुंद असते. पुरुषांचा साचा नुसता लहान केला, की टाच आत सरकत राहते. ती सरकू नये म्हणून नाडी आवळली, की पावलाची वरची बाजू दुखते. आणि उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. या जोडीत टाचेचा भाग खरोखरच अरुंद घडवलेला असल्याने नाडी सैल ठेवूनही पाऊल जागचे हलत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. शिवण कुठेही टोचत नाही. नाडीखालची जीभ मात्र पातळ आहे आणि धावता धावता एका बाजूला घसरते.

खरी तक्रार चवड्याबाबत आहे. टाच अरुंद म्हणजे सगळेच पाऊल अरुंद, असा सोयीचा समज कंपनीने करून घेतलेला दिसतो. लांब अंतरात पाय सुजू लागले, की करंगळीला काच बसतोच. याच मॉडेलचा रुंद प्रकार पुरुषांच्या मापांत मिळतो, महिलांच्या मापांत नाही, आणि याचे समाधानकारक कारण विक्रेत्याला देता आले नाही. सोलमधला फोमही पुरुषांच्या जोडीइतकाच घट्ट आहे, त्यामुळे हलक्या वजनाच्या धावपटूला तो पुरेसा दबल्यासारखा वाटत नाही.

बोस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२मध्ये दिला, ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन १९८४मध्ये आली, आणि गिब यांच्या १९६६ ते १९६८ या सलग तीन वर्षांच्या स्त्रियांमधील अव्वल क्रमांकांची नोंद घ्यायला संयोजकांना १९९६ उजाडले. त्या मानाने बुटांचा साचा बदलायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

अरुंद किंवा मध्यम चवड्याच्या धावपटूंनी ही जोडी निःशंक घ्यावी. मात्र ती संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावी आणि शर्यतीआधी सरावात पुरेशी रुळू द्यावी. चवडा रुंद असेल, तर तूर्तास पुरुषांच्या विभागातला रुंद प्रकार घेऊन नाडी सर्वांत वरच्या छिद्रातून ओवणे, हाच उपाय उरतो.