कुलूपबंद फोन की मोकळा पीसी?

आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका.एपीके’ आली होती. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल. अशी फाइल अँड्रॉइडवर उघडून, परवानग्या देऊन बसलं तर बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. आईकडे आयफोन; त्यावर अँड्रॉइडची फाइल चालतच नाही, आणि ॲपलने न तपासलेलं ॲप सहज टाकताही येत नाही. कंपनीच्या या कुलपाचा फायदा मी मनापासून मान्य करतो.

पण माझा जुना लॅपटॉप बघा. पेन ड्राइव्ह लावला, बूट मेन्यू उघडला, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. कुणाची परवानगी लागली नाही. अडगळीत जाणारं यंत्र आज भाचीच्या अभ्यासाला आहे. कुलूपबंद यंत्रात हे कंपनीच्या मर्जीवर असतं. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्रावर लिनक्स टाकता येत असे. सोनीने एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती सोयच काढली. विकलेल्या वस्तूतून सोय परत घ्यायची, हे मला आजही पटत नाही.

युरोपियन संघाने असं कुलूप सैल करायला लावणारा कायदा केला, तेव्हा मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर इतर ॲप-स्टोअर आली. तरी ॲपलची तपासणी राहिलीच.

मला विचाराल तर कुलूप असू द्या, पण किल्ली मालकाकडे हवी. आई ती वापरणार नाही. भाची मात्र नक्की वापरेल.